सासवणे की किहीम: एका पार्लेकर कुटुंबाची निवड

विलेपार्ले पूर्वेचं एक कुटुंब. काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, वय ६४. काकू शाळेत मराठी शिकवायच्या, त्यांचीही नोकरी संपली. काकांची आई ८६ वर्षांची, चालती-फिरती, पण गुडघ्यांनी बेजार. मुलगी-जावई गोरेगावात, पाच वर्षांची नात. इमारत पुनर्विकासाला गेली, नवा मोठा फ्लॅट हातात आला. तो विकायचा, त्यातून अंधेरीला एक छोटी जागा ठेवायची आणि उरलेल्या पैशांत अलिबाग तालुक्यात कायमचं राहायला जायचं, एवढं घरात ठरलं होतं. सुट्टीचं घर त्यांना नको होतं, राहतं घर हवं होतं. या एका गोष्टीमुळे पुढचं सगळं बदललं, म्हणून ती आधीच सांगते.

मी आर्किटेक्ट आहे. मांडवा ते अलिबाग पट्ट्यात घरं बांधली आहेत, जुनी दुरुस्त केली आहेत. काका माझ्याकडे आले तेव्हा दोन जागा नक्की झाल्या होत्या आणि घरात दोन पक्ष पडले होते. त्यांच्या परवानगीने, नावगाव न सांगता, तो सगळा व्यवहार इथे मांडते आहे, कारण असा प्रश्न घेऊन येणारी मराठी घरं आता वाढली आहेत.

पहिली जागा सासवण्याजवळची. मांडव्याच्या जेट्टीपासून चार-पाच किलोमीटरवर, समुद्रापासून बरीच आत, अकरा बंगल्यांची स्कीम. फाटकावर वॉचमन, आतले रस्ते पेव्हर ब्लॉकचे, प्रत्येक बंगल्याला कुंपण, निम्म्याहून अधिक बंगल्यांना पोहण्याचा तलाव. विक्रीला होता तो बंगला २०२१ मध्ये बांधलेला, एकदाच विकला गेलेला, आतून झकास. सासवणे म्हणजे शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं गाव. त्यांच्या राहत्या वाड्यात त्यांची शिल्पं आजही बघायला मिळतात, आणि काका त्या एका कारणाने अर्धे जिंकले गेले होते. सासवणे, आवास, मांडवा या भागात गेल्या वीसेक वर्षांत मुंबईचा पैसा उतरला. उंच भिंतींच्या आड मोठमोठे बंगले झाले.

दुसरी जागा किहीमची. इथला श्रीमंतपणा जुना आहे. स्वातंत्र्यापूर्वीपासून मुंबईच्या काही घराण्यांची इथे घरं होती. सालिम अलींनी १९३० साली सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला तो इथेच. विक्रीला असलेलं घर चौसोपी वगैरे नव्हतं. साधं कौलारू, पुढे पडवी, मागे विहीर, शेजारच्या हिश्श्यावर नारळ-सुपारीची वाडी. भाव मात्र साधा नव्हता. किनारा जवळ म्हटल्यावर वाडीचा गुंठा आणि बंगल्याचा गुंठा यांत आता फारसा फरक उरलेला नाही. तरीही सासवण्याचा बंगला एकूण हिशेबात सव्वापट महाग पडत होता. बजेटमध्ये दोन्ही बसत होती, पण सासवणे घेतलं तर हाती शिल्लक फार राहत नव्हती.

काका सासवण्याच्या बाजूने, काकू किहीमच्या. आजींना कोणी विचारलं नव्हतं.

काकांचं सगळं म्हणणं जेट्टीवर उभं होतं. सासवण्याहून दहा-पंधरा मिनिटांत मांडवा, तिथून बोटीने तासाभरात गेटवे, किंवा रो-रोने गाडीसकट भाऊचा धक्का. २०२० च्या मार्चमध्ये रो-रो सुरू झाली आणि या किनाऱ्याचं मुंबईशी नातं बदललं, हे खरंच आहे. पार्ल्यात त्यांचा शनिवारचा मित्रांचा कट्टा आहे, दीनानाथला नाटकं आहेत, आणि ते सोडायची त्यांची तयारी नव्हती. ती का असावी?

मी त्यांना कागदावर पूर्ण प्रवास लिहायला लावला, दारापासून दारापर्यंत. किहीमहून मांडवा बारा-तेरा किलोमीटर, म्हणजे अर्धा तास. सासवण्याहून पंधरा मिनिटं. पुढचं सगळं सारखंच: जेट्टीवर थांबणं, तासभर पाणी, मग माझगाव किंवा कुलाब्याहून पार्ल्यापर्यंत मुंबईचा रस्ता. तीन तासांच्या प्रवासात फरक पंधरा मिनिटांचा. शिवाय गेटवेच्या बोटी मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. रो-रो पावसाळ्यातही चालते, पण समुद्राच्या मर्जीवर. ती रद्द झाली की उरतो रस्ता: शिवडीहून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, चिर्ले, मग पेण, वडखळ, पोयनाड. त्या रस्त्याने येताना किहीम आधी लागतं, सासवणे नंतर. पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत असा दिवस आला की हिशेब उलटा होतो.

काकांनी मग रेवस–करंजा पुलाचा मुद्दा काढला. तो पूल झाला की उरणहून थेट रेवस, आणि सासवणे-मांडवा मुंबईच्या आणखी जवळ येणार. मुद्दा बरोबर आहे. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर उत्तरेकडचा पट्टा घ्या, असं मीही सांगेन. पण ज्या घरात आपण म्हातारे होणार आहोत त्याचा भाव वाढला तरी ते विकून आपण कुठे जाणार? आणि पूल आला की त्यावरून गाड्याही येणार.

माझ्या पाहण्यात या भागातली बहुतेक घरं डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी पसंत केली जातात. हवा छान, समुद्र निळा, शेजारच्या बंगल्यात मंडळी जमलेली. मी या दोघांना सांगितलं, आषाढात जाऊन राहा. दोन्हीकडे भाड्याने जागा घ्या, आजींना बरोबर न्या, आणि गाडी शक्यतो वापरू नका. सासवण्याच्या त्याच स्कीममधला एक बंगला आठवड्यासाठी मिळाला. किहीमला त्याच आळीतली दोन खोल्यांची जागा.

सासवण्यात त्या आठवड्यातले मंगळवार-बुधवार फार लांब गेले. अकरा बंगल्यांपैकी संध्याकाळी दिवा लागायचा दोनांत, त्यातला एक केअरटेकरचा. भाजी आणायला गाडी काढावी लागायची. वॉचमन चांगला माणूस होता, पण त्याला फाटक सोडून येता येत नव्हतं. आजी खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसायच्या आणि समोर भिंत दिसायची. शनिवारी मात्र सगळं बदललं. गाड्या आल्या, गाणी लागली, रात्री उशिरापर्यंत आवाज. रविवारी संध्याकाळी पुन्हा शांतता. काकूंनी मला फोनवर सांगितलं, "अगं, इथे शेजार नाही. इथे फक्त घरं आहेत."

किहीमला पाऊस तितकाच, चिखल जास्त, वीज तर दोनदा गेली. पण सकाळी दारावरून कोळीण गेली, नऊ वाजता शेजारच्या मावशी कुंपणाशी येऊन आजींना "कुठल्या तुम्ही?" विचारून गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी अळूची पानं आणून दिली. चोंढी नाक्यावर औषधाचं दुकान, पिठाची गिरणी, बँक, रिक्षा. काकांनाही हे जाणवलं असावं, पण ते बोलले नाहीत. ते आपले पावसात पडलेले नारळ मोजत बसले होते. आजींना मग विचारलं. त्या म्हणाल्या, "तिकडे मला हाक मारायला कुणी नाही."

एवढ्यावर निर्णय झाला असता तर मला हे लिहायची गरज नव्हती. राहून बघितल्यावर मन एका बाजूला कललं, पण मन कलणं आणि घर घेणं यांच्या मध्ये पाणी आणि कागद उभे असतात.

पाणी

सासवण्याच्या स्कीमला स्वतःच्या दोन बोअरवेल होत्या आणि मे महिन्यात टँकर. किहीमच्या घराला उघडी विहीर आणि ग्रामपंचायतीचा नळ, जो रोज येईलच असं नाही. कागदावर पाहिलं तर बोअर भरवशाची वाटते. किनाऱ्यालगत तसं नसतं. जमिनीखालचं गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. तीच वरची पातळी उपशाने अर्धा मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी वीसेक मीटर वर सरकू शकतं. खोल बोअर, त्यावर मोठा पंप, त्याच्या जिवावर भरलेले तलाव आणि हिरवळी, हे सगळं एका जागी असलं की मे महिन्यात नळाला मचूळ पाणी येतं. उघडी विहीर वरवरचं पाणी उचलते, म्हणून तिला हा धोका कमी. अजिबात नाही असं मात्र नाही.

आम्ही दोन्ही पाणी तपासायला दिलं, तेही मेच्या शेवटी, पाऊस पडायच्या आधी. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी पाचशेच्या दुपटीच्या वर गेलं, विहिरीचं थोडंसंच वर. वाडीतला गडी हे चाचणीशिवायच सांगत होता: "मे म्हयन्यान जराशी मचूल लागते, पन चा होते."

आणखी एक प्रश्न मी या भागातल्या प्रत्येक घराला विचारते: ३ जून २०२० ला काय झालं? त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाड्या झोपल्या, कौलं उडाली, कित्येक गावांना दिवसच्या दिवस वीज नव्हती. किहीमच्या घराकडे उत्तर होतं. पश्चिमेकडची कौलं गेली, सात माड पडले, त्यातला एक मोरीवर. भिंती मात्र उभ्या राहिल्या आणि छप्पर नंतर नव्या वाशांवर बसवलं. सासवण्याचा बंगला त्यानंतरचा, म्हणून त्याची परीक्षाच झालेली नव्हती. त्याच्या मोठमोठ्या काचा आणि पातळ पत्र्याची पुढे काढलेली पडवी पाहून माझं मत चांगलं झालं नाही.

कागद

इथे जास्त थांबते, कारण मुंबईत फ्लॅट घेतलेल्या माणसाला गावातला कागद परका असतो आणि फसवणुकीपेक्षा अज्ञानानेच पैसे जास्त अडकतात.

सासवण्याची जमीन बिनशेती झालेली, नकाशे मंजूर, शिवाय किनाऱ्यापासून पाचशे मीटरच्या बाहेर. म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या सागरी किनारा नियमनाचा जाच नाही. ही मोठी जमेची बाजू होती आणि मी ती काकूंना तीनदा सांगितली. अडचण दुसरीकडे निघाली. सातबाऱ्यावर अकरा मालकांची नावं सामाईक. प्रत्येक बंगल्याखालच्या जमिनीचा पोटहिस्सा पाडलेलाच नव्हता. आतला रस्ता, बोअर आणि पंपघर अजून विकसकाच्या नावे. मालकांची सोसायटी नोंदलेली नाही, त्यामुळे ते हस्तांतर करून घ्यायलाही कोणी नाही. आज संबंध चांगले आहेत तोवर ठीक. उद्या पाण्यावरून वाद झाला तर काकांकडे खरेदीखत असेल, पण बोअरवर हक्क दाखवायला कागद नसेल. अशा स्कीममध्ये घर घेणाऱ्याने दोन गोष्टी आधी बघाव्यात. आठाहून अधिक घरं आणि ५०० चौरस मीटरहून मोठी जमीन असेल तर प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदणी लागते, ती झाली आहे का. आणि आपल्या तुकड्याचा स्वतंत्र सातबारा निघतो का.

किहीमचे कागद याच्या उलट. हक्क स्वच्छ, पण माणसं फार. सातबाऱ्यावर चार भावंडं. एक बहीण बडोद्याला, एक भाऊ वारलेला, त्याची बायको आणि दोन मुलं मुलुंडला, आणि त्यांची वारस नोंद झालेलीच नाही. विकायला पुढे आलेला धाकटा भाऊ "सगळ्यांची संमती आहे" असं म्हणत होता. संमती तोंडी चालत नाही. तलाठी कार्यालयात अर्ज, फेरफार म्हणजे नाव बदलाची नोंद, नोटिशीची मुदत, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी, या वाटेनेच जावं लागलं. ते होईपर्यंत वकिलांनी काकांना इसारापलीकडे एक रुपया देऊ दिला नाही. इसारपत्रही नोंदवून घेतलं, आणि वारस नोंद ठरल्या मुदतीत झाली नाही तर पैसे परत, हे त्यात स्पष्ट लिहिलं.

दुसरी गाठ काकांचीच. घर ज्या हिश्श्यावर आहे तो बिनशेती, पण वाडीचा हिस्सा शेतीचा. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. काका म्हणाले, "आपली गुहागरला वडिलोपार्जित जमीन आहे की." होती. सातबाऱ्यावर काकांच्या वडिलांचं नाव, चुलत्यांची, चुलत भावंडांची नावं, आणि वडील जाऊन बारा वर्षं झाली तरी काकांचं नाव कुठेच नाही. कोकणातल्या निम्म्या मुंबईकरांची हीच स्थिती असते. मग गुहागरला वारस नोंद, नंतर शेतकरी असल्याचा दाखला. काकूंचं नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नव्हतं, म्हणून वकिलांनी वाडीचा हिस्सा एकट्या काकांच्या नावे आणि घराचा बिनशेती हिस्सा दोघांच्या नावे असा मार्ग काढला. वाडीचा अख्खा हिस्सा विकला जात होता, त्यामुळे तुकडेबंदीचा, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला कायद्याने असलेल्या बंदीचा, प्रश्न आला नाही. तुम्हाला कोणी "वाडीतले पाच गुंठे तोडून देतो" म्हटलं तर मात्र तिथेच थांबा.

तिसरी गोष्ट समुद्राची. भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास क्षेत्र असतं. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांना ते ५० मीटरवर आणलं, पण विरळ वस्तीच्या गावांना २०० मीटरच लागू. त्यापुढे ५०० मीटरपर्यंत बांधकामावर मर्यादा: उंची नऊ मीटर, तळमजला आणि वर एक. मालक म्हणत होता घर अडीचशे मीटरवर आहे. आम्ही अंदाजावर न जाता मान्य नकाशावर मोजून घेतलं. घर दोनशेच्या बाहेर निघालं, पण वाडीच्या समुद्राकडच्या टोकाची एक पत्र्याची खोली आत. ती पाडूनच खरेदी करायची अशी अट घातली आणि मालकाने ती पाडली. काकांना हे जास्तीचं वाटलं होतं. याच किहीमच्या किनाऱ्यावर ८ मार्च २०१९ रोजी जिल्हा प्रशासनाने नीरव मोदीचा बंगला स्फोटकं लावून जमीनदोस्त केला. एवढं मोठं बांधकाम वाचलं नाही, तिथे आपली खोली वाचेल या भरवशावर आयुष्याची पुंजी लावू नये.

कागदांच्या या सगळ्या ओढाताणीत काका एकदा म्हणाले होते, "सासवणे घेतलं असतं तर एव्हाना राहायला गेलो असतो." ते खरं होतं. पण सासवण्याची अडचण अकरा मालक आणि विकसक एकत्र बसल्याशिवाय सुटणारी नव्हती आणि त्यातलं काहीच काकांच्या हातात नव्हतं. किहीमची अडचण वेळखाऊ होती, पण प्रत्येक गाठ कोणत्या कार्यालयात सुटते हे माहीत होतं. माझ्या मते दोन जागांमधला खरा फरक हाच होता. समुद्र, जेट्टी, करमरकरांची शिल्पं, अळूची पानं, हे सगळं त्यानंतर.

दवाखान्याचा विषय थोडक्यात, कारण तिथे दोन्हीकडे उणंच आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला. किहीमहून दहा-बारा किलोमीटर, सासवण्याहून त्याहून बरंच लांब, आणि सुट्टीच्या दिवशी मांडवा-अलिबाग रस्ता कसा तुंबतो हे ज्याने अनुभवलं त्याला त्या फरकाची किंमत कळते. साध्या दुखण्याला चोंढी-अलिबागचे डॉक्टर पुरतात. हृदयाचं किंवा मेंदूचं काही मोठं झालं तर मुंबई किंवा नवी मुंबई गाठावी लागणार. रात्री, पावसात, ८६ वर्षांच्या बाईला घेऊन. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी हे तिघांसमोर बोलले. आजी म्हणाल्या की पार्ल्यातही रात्री दोनला लिफ्ट बंद असायची. काकूंना ते पटलं, काकांना नाही, आणि अंधेरीची छोटी जागा विकायची नाही हे त्या दिवशी पक्कं झालं.

सासवणे वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. याच काळात चाळिशीचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. दोघंही घरून काम करणारी, आठवड्यातून दोनदा फोर्टला ऑफिस. त्यांना मी सासवणे-आवासच सुचवलं. त्यांना जेट्टी रोजची होती, शेजार शनिवार-रविवारचा पुरत होता, आणि सोसायटी नोंदवण्यासाठी धावपळ करायला वय हातात होतं.

किहीमचं खरेदीखत शेवटी झालं. त्याआधी सरकारी मोजणी करून हद्द कायम केली, तेव्हा उत्तरेचं कुंपण शेजारच्या मावशींच्या जागेत हातभर सरकलेलं निघालं. काकांनी ते स्वतः मागे घेतलं. मावशींची वाट विहिरीजवळून जाते, ती पिढ्यानपिढ्यांची वहिवाट खतात लिहून दिली. आजींसाठी मी पडवीची पायरी काढून उतार केला, न्हाणीघर त्यांच्या खोलीला लागून घेतलं, खिडक्यांना वादळात लावायच्या लाकडी फळ्या केल्या, छतावर सोलर आणि इन्व्हर्टर. काका महिन्यातून दोन शनिवार पार्ल्याला जातात, रो-रोने, आणि रात्री अंधेरीला राहतात. त्यांना अजून वरचा मजला हवाच आहे. नऊ मीटरच्या आत तो बसतो, पण किनारा क्षेत्राची परवानगी आल्याशिवाय मी नकाशा काढायला बसणार नाही, हे त्यांना सांगितलं आहे. दिवाळीनंतर अर्ज करायचा आहे.